एका घटकेचा नेम

मेहकरात ज्यांना वेळ नाही अशा माणसांची संख्या मोठी आहे, आणि उद्धवगुरुजींचं घर त्या संख्येवर चालतं. कृषी केंद्रवाल्याला दुकान सोडता येत नाही, म्हणून त्याच्या मुलीचं लग्न जमावं यासाठीचा जप गुरुजी करतात. पुण्यातल्या एका इंजिनिअरला रजा मिळत नाही, म्हणून त्याच्या वडिलांच्या नावाचं अनुष्ठान गुरुजी करतात. इंजिनिअर फोन कानाशी धरून हातावर पाणी घेतो आणि सोडतो, कुठे सोडतो ते गुरुजी विचारत नाहीत. सत्यनारायणाचे त्यांच्याकडे तीन आकार आहेत: पूर्ण, मध्यम आणि 'पाहुण्यांची गाडी दारात सुरू आहे' एवढा. शास्त्राने प्रत्येक कर्माला 'यथाशक्ती' म्हणून एक मागचं दार ठेवलेलं असतं, आणि गुरुजींनी त्या दाराच्या बिजागऱ्या कधी गंजू दिल्या नाहीत.

दुसऱ्यांचा वेळ वाचवता वाचवता त्यांचा स्वतःचा वेळ कुठे गेला, हे सांगणं कठीण होतं. सकाळी स्कूटी काढायची, एका यजमानाकडे मांडी घालून बसायचं, शिरा खायचा, पुन्हा स्कूटी, पुन्हा मांडी, पुरणपोळी, तिच्यावर तूप, तूप नको म्हटलं की यजमानीणबाईचा चेहरा पडतो म्हणून आणखी तूप. पाठांतराला पाय लागत नाहीत. पन्नाशी ओलांडेपर्यंत गुरुजींना आपल्याला पाय आहेत हे मांडी सोडून उठतानाच काय ते आठवायचं.

वैशाखात एका नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. पूजा दुसऱ्या मजल्यावर. यजमानीण कलश घेऊन पुढे, गुरुजी होमाचं सामान घेऊन मागे. मधल्या वळणावर त्यांच्या छातीच्या मधोमध कोणीतरी तळहात ठेवला. दुखलं नाही. नुसता ठेवला, आणि मग त्यावर भार दिला. डावा जबडा जड झाला. गुरुजी थांबले आणि भिंतीवर लावलेलं कॅलेंडर वाचू लागले. कॅलेंडर सिमेंट कंपनीचं होतं; त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांनी त्यावरचा संबंध महिना वाचून काढला.

"गुरुजी, काऊन थांबले?" वरून यजमानीणबाईंनी विचारलं.

"मुहूर्त बघतो," गुरुजी म्हणाले.

तळहात उचलला गेला. गुरुजी वर गेले, होम झाला, धूर झाला, सगळ्यांचे डोळे पाणावले. त्यांचे जरा जास्त.

त्यांचे थोरले बंधू याच वयात गेले होते. बसस्टँडवर अकोला गाडीची वाट बघत होते, चहा सांगितला. चहा घेऊन माणूस आला तेव्हा ते बाकावर नीट बसलेले होते, मांडीवर पिशवी, फक्त चहा घ्यायला हात पुढे आला नाही. गुरुजी स्टँडवर पोहोचले तेव्हा त्या ग्लासातून अजून वाफ निघत होती. माणसापेक्षा चहा उशिरा थंड होतो, ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. वास्तुशांतीनंतर मात्र ती त्यांना दिवसातून दोनदा, चहाच्या वेळेला, आठवू लागली.

घरी शारदाबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. याचं कारण भीती, आणि ती भीती त्यांच्या धंद्यातली होती. हा माणूस जन्मभर एकच गोष्ट मानून जगला होता: मोठ्यानं, स्पष्ट उच्चारलं की ते होतं. नाव घेतलं की देव येतो, 'अस्तु' म्हटलं की कल्याण होतं. मग 'माझ्या छातीत दाबतं' हे मोठ्यानं म्हटल्यावर काय होईल?

डॉक्टरकडे ते गेले, पण ॲसिडिटीसाठी. डॉक्टर योगिनी त्यांच्या एका यजमानांची मुलगी. तिच्या बारशाचे मंत्र त्यांनीच म्हटले होते. तिने वजन केलं, रक्तदाब घेतला, बोट टोचून साखर बघितली, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. आडवं पडलेल्या माणसाची पट्टी चांगली आली.

"पायऱ्या चढताना त्रास होतो का गुरुजी?"

"लोक पायऱ्याच उंच बांधतात गं आजकाल."

"छातीत दुखतं? भरून येतं?"

"नाही."

खोटं बोलताना आवाज इतका खणखणीत लागतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

योगिनीने साखर वाढल्याचं सांगितलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाली, "आणि चालायचं. रोज अर्धा तास."

"यथाशक्ती किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे एखाद्याला अजिबात वेळ नसेल, तर कमीत कमी किती केल्यावर केल्यासारखं धरतात?"

योगिनी हसली. "आठवड्यातले पाच दिवस तरी. एकदम नाही होत तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा."

"आणि पाचही दिवसांचं रविवारी एकदम केलं तर?"

"पाच एकादश्या एका दिवशी करता येतात का?"

येतात की नाही यावर गुरुजींच्या मनात दोन मतं होती, आणि दोन्हींना आधार होता.

ते उठले तेव्हा ती मागून म्हणाली, "चालताना छातीवर जरा जरी दाब वाटला तर तिथेच थांबायचं. आणि मला सांगायचं, तुमच्या मनात नाही ठेवायचं."

ती पाठीमागून बोलत होती म्हणून बरं झालं. तिला त्यांचा चेहरा दिसला नाही.

आता प्रश्न असा होता की ज्याने जन्मात व्यायाम केला नाही त्याने तो सुरू कसा करायचा. लोक बूट आणतात. गुरुजींना शिस्तीचा एकच प्रकार ठाऊक होता. चातुर्मास तोंडावर आला होता. त्या चार महिन्यांत गावातल्या बायकांना कोणाला वांगं सोडायचा, कोणाला कांदा सोडायचा नेम ते वाटतच होते. आषाढी एकादशीला पहाटे त्यांनी स्वतःच्या ओंजळीत पाणी घेतलं, देश-काल उच्चारला, मेहकर नगरीचं आणि पैनगंगेचं नाव घेतलं आणि आरोग्यप्राप्तीसाठी रोज एक घटका पायी फिरण्याचा संकल्प सोडला. अर्ध्या तासाला सव्वा घटका होते. एक घटका म्हटलं तर सहा मिनिटं वाचतात. सवय ती सवय.

पण पाणी ताम्हणात पडलं तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. डॉक्टरने सांगितलेलं चालणं थांबवता येतं. संकल्प केलेलं चालणं थांबवता येत नाही.

पहिले काही दिवस बरे गेले. घरापासून नदीच्या पुलापर्यंत उतार आहे. उतारावर कोणाचीही प्रकृती उत्तम असते. अडचण एवढीच होती की मेहकरात धोतर नेसलेला माणूस, हातात पिशवी नसताना, कुठेच न जाता चालतो, ही गोष्ट कोणाच्या गळी उतरेना. कृषी केंद्रवाले जानराव मोटारसायकल आडवी घालून उभे राहिले.

"गुरुजी, पायी पायी कुठं जाऊन राह्यले? गाडी बिघडली का?"

"फिरायला निघालो."

"कोणाच्या घरी?"

"कोणाच्याच नाही. नुसतं."

जानरावांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "बसा मागं. सोडून देतो."

"अहो, कुठे सोडता? मला कुठे जायचंच नाही."

"मंग तं लवकरच पोहोचून जाऊ. बसा!"

गुरुजी बसले नाहीत. जानराव बराच वेळ पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या बाजूने चालत राहिले. ब्राह्मण पायी आणि आपण गाडीवर, हे त्यांना बरं दिसेना. शेवटी ते म्हणाले, "वैनीसंग भांडण झालं असंन तं तसं सांगा, मी काई कोणाले सांगत नाई," आणि गेले. दुपारपर्यंत अर्ध्या बाजाराला भांडण कळलं होतं.

तळहात परतीच्या चढावर भेटायचा. पुलावरून वळून गावाकडे तोंड केलं की गुरुजींना तो दिसायच्या आधी जाणवायचा, कुत्रा असलेल्या गल्लीत शिरताना जाणवतं तसा. पिठाच्या गिरणीपर्यंत काही नाही. गिरणीच्या पुढे रस्ता उचलला की छातीवर हात, जबड्यात जडपणा, डाव्या दंडात मुंग्या. तिथे थांबायचं, असं योगिनीने सांगितलं होतं. पण घटका पुरी झालेली नसायची.

घेतलेला नेम मोडणाऱ्यांचं काय होतं, हे गुरुजी वर्षातून शेकडो घरांत मोठ्या आवाजात वाचून दाखवत आले होते. मेहकर तालुक्यात ही माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती, आणि दक्षिणा घेऊन ज्याचा प्रसार केला त्यावर विश्वास न ठेवण्याची त्यांची हिंमत नव्हती. थांबलो तर देव. चाललो तर बंधूंचा चहा. दोन्हींच्या मध्ये, गिरणीच्या पुढच्या चढावर, हा माणूस घामाने भिजलेल्या उपरण्यात, ओठांत मंत्र धरून, हळूहळू वर सरकत असायचा. बघणारे नमस्कार करायचे. चेहऱ्यावर भक्ती दिसते आहे असं त्यांना वाटायचं.

श्रावणात तळहात गिरणीच्या अलीकडे आला. गणपतीत तर पुलावरच येऊन उभा राहिला. एका सकाळी कठड्याला धरून गुरुजी नदीकडे बघत राहिले, आणि आता आपण इथेच बसलो तर लोक येईपर्यंत आपण नीट बसलेले असू का, असा विचार त्यांच्या मनात आला. ते घरी कसे आले ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्या दुपारी त्यांनी ग्रंथ उघडले. डॉक्टरकडे जायच्या ऐवजी ग्रंथ उघडणं ही त्यांची चूक होती, पण प्रत्येक माणूस संकटात आपल्या दुकानात पळतो. आणि ग्रंथांनी त्यांना निराश केलं नाही. कर्त्याला सामर्थ्य नसेल तर त्याचं व्रत प्रतिनिधीने पुरं करावं. प्रतिनिधी कोण? पुत्र, बंधू, पुरोहित. आणि सगळ्यांच्या आधी पत्नी.

शारदाबाई भाजी निवडत होत्या.

"हात पुढे कर," गुरुजी म्हणाले आणि त्यांच्या तळव्यावर सुपारी ठेवून पळीभर पाणी सोडलं.

"हे काय आता?"

"उद्यापासून माझा फिरायचा नेम तू चालवायचा. पितृपक्ष तोंडावर आला, मला वेळ नाही. शास्त्रात आहे."

"मी चालू? तुमच्या जागी?"

"हो."

"आणि पोट कोणाचं उतरेल?"

"पोटाचा संकल्प नाही. फिरण्याचा आहे."

शारदाबाईंनी सुपारीकडे बघितलं. "आणि पुण्य?"

"निम्मं तुझं."

"उपाशी तुम्ही राहा आणि जेवते मी, तसं झालं हे," त्या म्हणाल्या. पण त्यांनी सुपारी कमरेला खोचली. तीस वर्षांत या घरात त्यांना पहिल्यांदाच बाहेर पडायला शास्त्राचा आधार मिळत होता, आणि तो हातचा सोडण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

शारदाबाई चालू लागल्या. सुरुवातीला गुडघे कुरकुरले, मग गप्प झाले. शेजारच्या अन्नपूर्णाबाई सोबत येऊ लागल्या, आणि दोघी पूल ओलांडून पलीकडेही जाऊ लागल्या. घटकेचं बंधन त्यांनी पाळलं नाही. त्या जास्तच चालायच्या. परत आल्या की गाल लाल, आवाज मोठा, भूक लागलेली. गुरुजी ओट्यावर बसून त्यांची वाट बघायचे आणि त्या कोपऱ्यावर दिसल्या की आजचा दिवस पदरात पडला म्हणून मनात हात जोडायचे. देवाच्या बाजूची भीती मिटली होती.

दुसरी बाजू मात्र मिटेना. पितृपक्षात एका दिवशी तीन-तीन घरी पानं असतात. दुसऱ्या घरी पाटावरून उठताना तळहात आला. चढ नव्हता, पायऱ्या नव्हत्या. माणूस खीर खाऊन उठला होता, एवढंच. पुढच्या आठवड्यात तो आंघोळ करताना आला. गुरुजी बादलीशेजारी ओलेते उभे राहिले. दाराबाहेर शारदाबाई कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मारली असती तर काय झालं, हेही सांगावं लागलं असतं. नळ तसाच वाहत होता. त्यांनी तो बंद केला नाही. शांततेत आपल्या छातीचा आवाज कोणाला ऐकू येईल असं त्यांना वाटलं, आणि छातीचा काय आवाज येणार, हे कळूनही वाटत राहिलं.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. शारदाबाई फिरून आल्या त्या हसत आल्या नाहीत. चपला काढल्या नाहीत. ओट्यासमोर उभ्या राहिल्या.

"पुलावर योगिनी भेटली. तीही फिरायला येते. म्हणाली, काकू, गुरुजी कुठे? मी म्हटलं, गुरुजींच्या वतीनं मीच चालते, पाणी सोडून दिलं मले. ती खूप हसली. अन्नपूर्णाबाई हसली. मीही हसली."

गुरुजींनी उपरणं खांद्यावर सारखं केलं.

"मग तिचं हसणं थांबलं. म्हणे, काकू, ज्या माणसाला नुसता वेळ वाचवायचा असतो तो घरी बसेल, नेम दुसऱ्याच्या गळ्यात कशाला घालेल? म्हणे, त्यांना चालवत नाही का?" शारदाबाईंचा आवाज इथे फाटला. "मी म्हटलं, छे, त्यांना वेळ नाही. आणि म्हणता म्हणता मले आठवलं, तुम्ही पंधरा दिवस झाले, पाणी भरलेला हंडा उचलला नाही. जिन्यावरचं वाळवण मले आणायला लावता. रात्री उशा दोन घेता. मी इथेच राहते ना हो? मग मले पुलावर काऊन कळावं?"

"ॲसिडिटी आहे."

"माझ्याकडे बघून बोला."

गुरुजींनी बघितलं. बायको रडत नव्हती. ती भ्यालेली होती. गेले चार-पाच महिने ही भीती आपल्या एकट्याची आहे अशा समजुतीत त्यांनी ती सांभाळली होती, आणि ती क्षणात दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेली होती. त्यांची मात्र काडीइतकीही कमी झाली नव्हती.

"चढावर होतं," ते हळूच म्हणाले. "जरासं."

योगिनीने त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या, जिभेखाली धरायची एक वेगळी दिली आणि दुसऱ्या सकाळी अकोल्याला जायला सांगितलं. गाडीत शारदाबाई त्यांचं मनगट धरून बसल्या. नाडी बघत असाव्यात. त्यांना नाडी बघता येत नव्हती.

अकोल्याच्या दवाखान्यात खोलीच्या मधोमध एक पट्टा होता. त्यावर चालायचं आणि कुठेच जायचं नाही. गुरुजींचं उपरणं काढून घेतलं, छातीवरचे केस जागोजागी काढले, तारा चिकटवल्या, धोतराऐवजी कोणाचा तरी पायजमा दिला. यंत्रापाशी एक तरुण डॉक्टर आणि एक तंत्रज्ञ मुलगी उभी होती. धम्मशीला, असं तिच्या छातीवरच्या पाटीवर लिहिलं होतं.

"काका, हळूहळू चढ वाढत जाईल. काही झालं की लगेच सांगायचं. लपवायचं नाही. आमच्या इथं लोक लय लपवतात."

पट्टा सुरू झाला. सुरुवातीला उतारासारखं सोपं होतं. मग तो उचलला गेला. काचेपलीकडे शारदाबाई बाकाच्या टोकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांकडे बघत होत्या. नवऱ्याला इतका वेळ चालताना त्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत असाव्यात.

"ठीक आहे का काका?"

"हो."

पुन्हा चढ. घाम सुटला. आणि तो आला. ना गिरणी, ना पूल, थंडगार एसीच्या खोलीत येऊन त्याने आपला तळहात बरोबर जागेवर ठेवला.

"दुखतंय का?"

गुरुजींच्या तोंडात 'नाही' तयार होतं. इतक्या वेळा वापरून ते गुळगुळीत झालं होतं. पडद्यावर रेघा पळत होत्या. डॉक्टर त्या रेघांकडे एकटक बघत होता, आणि त्याचा हात एका लाल बटणाकडे सरकला होता. रेघांनी आधीच सांगून टाकलं होतं. आपण न उच्चारलेली गोष्ट उच्चार न होताच होत होती, आणि कधीपासून होत होती हे देवच जाणे. गुरुजींना वाटलं, आपण इतके दिवस दाराला कडी घालून बसलो, आणि भिंतच नव्हती.

"काका? दुखतंय का?"

"हो," गुरुजी म्हणाले. "दुखतं. दाबतं. वैशाखापासून."

ते बोलले मात्र होमातल्या आवाजात. काचेपलीकडे शारदाबाई उठून उभ्या राहिल्या.

पट्टा थांबवला. त्यांना पलंगावर आडवं केलं, जिभेखाली गोळी ठेवली. डॉक्टर पलंगापाशी आला, शारदाबाईंना आत बोलावलं आणि दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाला की पट्टी चांगली नाही, रक्तवाहिनी अडलेली दिसते, आज इथून घरी जायचं नाही, उद्या सकाळी आत नळी घालून बघू आणि लागेल ते तिथेच करू.

"नंतर चालायचं किती?" गुरुजींनी विचारलं.

"ते नंतर ठरवू, आजोबा. आधी उद्याचं होऊ द्या."

आजोबा म्हटल्याचं त्यांच्या मनाला लागलं नाही. 'नंतर' हा शब्द डॉक्टरने त्यांच्या तोंडून घेतला होता, की स्वतःहून म्हटला होता, एवढंच ते आठवून बघत होते.

डॉक्टर गेला. धम्मशीला तारा काढू लागली. प्रत्येक तारेबरोबर थोडी कातडी ओढली जात होती. शारदाबाई पलंगाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी गुरुजींचे पाय पांघरुणाखाली घातले, नीट असलेलं पांघरूण पुन्हा नीट केलं.

"भ्यालात का?"

गुरुजींनी दाराकडे बघितलं. दाराबाहेरून एक रिकामी खाट चाकांवरून नेत होते.

"हो," ते म्हणाले.

"मीही," शारदाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून इतक्या जवळ बसल्या की नर्सला मध्ये यायला जागा राहिली नाही.